थेस्टर : इंग्रजीने टाकून दिलेला अंधार

मी जर्मन शिकवते. ‘ड्युस्टर’ म्हणजे काळवंडलेलं, उदास, हे सांगितलं की वर्गातून हमखास प्रश्न येतो : इंग्रजीत याचं भावंड नाही का? होतं. ‘थेस्टर’. इंग्रजी ‘थ’च्या जागी जर्मनमध्ये ‘ड’ येतो : थ्री–ड्राय, थिंग–डिंग, तसंच थेस्टर–ड्युस्टर.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत अंधाराला ‘थेओस्त्रु’ म्हणत. लिहिताना पहिलं अक्षर बहुधा ‘थॉर्न’ : उभी दांडी आणि मधोमध पोट. आइसलँडमध्ये हे अक्षर आजही वापरतात.

इ. स. ९९०च्या सुमाराच्या इंग्रजी शुभवर्तमानात, योहानाच्या पहिल्याच अध्यायात, प्रकाश ज्या अंधारात चमकतो त्याला हाच शब्द आहे. १३८०च्या दशकातलं, विक्लिफच्या नावाने ओळखलं जाणारं बायबल उघडा. त्याच जागी ‘डर्कनेसिस’ ठाण मांडून बसलेला दिसतो.

‘डार्क’ काही उपरा नव्हता, तोही जुन्या इंग्रजीतलाच. पण एकाच कामाला दोन गडी कशाला? मध्ययुग सरता सरता थेस्टर मागे पडला. डच भाषेने मात्र आपला ‘डाउस्टर’ सोडलेला नाही.