पहाटे कादंबरी, दिवसा टपाल

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप १८३४ साली लंडनच्या टपाल खात्यात कारकून म्हणून चिकटला आणि १८६७ पर्यंत खात्यातच राहिला. नोकरी नावापुरती नव्हती: १८५२ साली जर्सी बेटावर रस्त्याकडेला टपालपेट्या उभ्या राहिल्या, त्या त्याच्याच शिफारशीने. तरी कादंबऱ्या ४७. त्यातल्या बऱ्याचशा नोकरी सांभाळून.

पहाटे साडेपाचला स्वारी टेबलाशी. पहिला अर्धा तास आदल्या दिवसाचं लिखाण वाचायचं, मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द. न्याहारीआधी दिवसाचं लेखन आटोपलेलं. उठवायला येणाऱ्या गड्याला तो वर्षाला पाच पौंड जादा देई. आपल्या यशाचं सर्वात मोठं श्रेय त्याने आत्मचरित्रात या गड्यालाच दिलंय. (गडी ठेवायची ऐपत होती, हे खरंच. पण मोबाइलचा गजर बंद करून पुन्हा पांघरूण ओढता येतं, गड्याचं तसं नाही.)

खात्याच्या कामासाठी फिरती असे, तेव्हा रेल्वेच्या डब्यात मांडीवर फळी घेऊन पेन्सिलीने लिही. बायको मागाहून नक्कल करी. ‘बार्चेस्टर टॉवर्स’चा (१८५७) मोठा भाग असाच झाला. रोजची पानं वहीत टिपलेली असत: आठवड्याला सरासरी चाळीसच्या आसपास, कधी वीस, तर एकदा चक्क ११२.