विशीपासूनची घट

सुरतच्या कतारगाममधल्या हिऱ्याच्या कारखान्यात माझ्या मामांनी तीसेक वर्षं घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसून काढली. रफ घासून हिरा होईपर्यंत निम्म्याहून अधिक वजन भुकटी होऊन उडतं. त्यामुळे घट या शब्दाला ते बिचकत नाहीत. परवा सत्तरीतले मामा विचारत होते, "काय रे, वयानं डोक्यातलं नक्की काय झिजतं? पहाटे साडेतीनलाच डोळे उघडतात." सेरोटोनिनचं नाव त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून हा मागोवा.

१९४८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज यांनी रक्तातून हे द्रव्य वेगळं काढलं, तेव्हा त्याचा मनाशी संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ, एवढीच त्याची ओळख. मेंदूत ते बेटी ट्वॅरॉग यांना १९५३ मध्ये सापडलं. मधल्या काळात मुंबईच्या केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात मांडलं होतं. पुढे त्याच मुळीतल्या रिसर्पिनने मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो, हे १९५५ मध्ये ब्रोडी यांच्या गटाने दाखवलं. रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होतात, हे डॉक्टर पाहतच होते. मनःस्थिती आणि सेरोटोनिन यांची सांगड घातली गेली, त्यात आपल्या सर्पगंधेचा वाटा असा मोठा आहे.

पण द्रव्य असून भागत नाही, ते पकडणारे रिसेप्टर लागतात. त्यांचे दोन प्रकार गॅडम आणि पिकारेली यांनी १९५७ मध्ये वेगळे केले, तेही गिनीपिगच्या आतड्यावर! आज डझनाहून अधिक प्रकार माहीत आहेत. वयाचा प्रश्न मात्र बराच काळ मृतांच्या मेंदूवरच सोडवावा लागे. शेवटचा आजार, औषधं, मृत्यूनंतर गेलेला वेळ, सगळंच त्या आकड्यांत मिसळलेलं असे.

१९८४ मध्ये बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डीन वाँग आणि सहकाऱ्यांनी १९ ते ७३ वयाच्या ४४ निरोगी माणसांचे पेट स्कॅन केले. किरणोत्सारी कार्बन जोडलेलं द्रव्य शिरेतून द्यायचं आणि रिसेप्टरला चिकटून ते कुठे किती उजळतं, ते यंत्राने मोजायचं. हा कार्बन वीस मिनिटांत निम्मा होतो, म्हणून तो जवळच तयार करून लगोलग टोचावा लागतो. जिवंत माणसात वयाबरोबर रिसेप्टर कमी होताना दिसले.

मला सगळ्यात चकित केलं ते २००२ मधल्या शेलाइन यांच्या अभ्यासाने. '२ए' जातीचे रिसेप्टर विशीपासून मध्यम वयापर्यंत दर दहा वर्षांना सुमारे १७ टक्के घटतात आणि उतारवयात घटीचा वेग मंदावतो. म्हणजे विशीत शंभर धरले, तर पन्नाशीत साठच्याही खाली. मामा कारखान्यात सर्वांत सफाईदार पैलू पाडत होते, ती हीच वर्षं!

२०१९ मध्ये अनेक स्कॅन-अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही सर्वांत मोठी घट '२ए'चीच निघाली. '१ए' या दुसऱ्या जातीची घट थोडी. मेंदूच्या देठात, जिथे सेरोटोनिनच्या पेशी असतात, तिथले '१ए' तर वयाला जवळजवळ दाद देत नाहीत. घट सरसकट नाही, हे त्यातून ठरलं. मामांना पहाटे जाग येते त्याचं खापर मात्र एका रिसेप्टरवर फोडता येत नाही. रिसेप्टर मोजले म्हणजे माणसाची झोप किंवा मन मोजलं, असं होत नाही.

शिवाय या अभ्यासांत बहुतेक वेळा वेगवेगळ्या वयाची वेगवेगळी माणसं शेजारी ठेवून तुलना केलेली असते. एकाच माणसाला तरुणपणी आणि पुन्हा म्हातारपणी तपासलेलं नसतं. १९८४ च्या त्या ४४ जणांतला १९ वर्षांचा स्वयंसेवक, हयात असेल तर, आज साठीच्या घरात आहे.