आखाड्यातल्या हातांचे पाठभेद

आमच्या वाशीमकडे दोन आखाड्यांचे लाठीवाले एकत्र आले की वाद ठरलेला : खरा हात कोणाचा? पोथ्यांना असतात तसे हातांनाही पाठभेद असतात. चिनी ताईचीतला यांग घराण्याचा लांब क्रम कोणी 85 हालचालींचा सांगतो, कोणी 103, कोणी 108. क्रम बहुतांशी तोच. मोजण्याची रीत निराळी. 1956 मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने त्यावरून 24 हालचालींचा सोपा क्रम बांधला आणि तो जगभर पसरला.

आपल्याकडे 1914 साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी व्यायामाला शिस्त दिली. 1936 साली बर्लिनला प्रात्यक्षिके दाखवली. एकसारखेपणाने शंभर मुले एका तालात शिकतात, हा मोठाच लाभ. पण हात इतका उंच का, या प्रश्नाला ‘दिसायला बरा’ एवढेच उत्तर आले, तर तो पाठभेद नव्हे, विसर होय.

कसोटी सोपी आहे. समोर जोडीदार उभा करून सावकाश वार करायला सांगावे. वार अडला, तर तो हात दुसऱ्या वस्तादाचा असला तरी खराच. वस्ताद थकत चालले आहेत. हात उतरवून घेताना गावाबरोबर त्यामागचे कारणही लिहून ठेवावे.