उचल अंगावर असली तरी

दसरा उलटला की बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर या तालुक्यांतली गावे रिती होऊ लागतात. म्हातारी माणसे मागे राहतात आणि बैलगाड्या-ट्रॉल्यांतून ऊसतोडीला निघालेली कुटुंबे सांगली-कोल्हापूरपासून थेट बेळगावपर्यंतच्या साखर कारखान्यांच्या हद्दीत कोप्या घालून गळीत हंगाम काढतात. या मुक्कामात कोयता पायावर बसतो, पहाटेच्या अंधारात पाचटातला साप डसतो, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईचा पाय घसरतो; आणि मग फडात रूढ झालेल्या काही समजुतींपायी, कायद्याने दिलेला हक्क मागण्यापूर्वीच सोडून दिला जातो.

त्यांतली सर्वांत खोल रुजलेली समजूत उचलीची, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ रकमेची. मुकादमाचे पैसे अंगावर आहेत, तेव्हा भरपाई मिळालीच तरी ती त्यातच वळती होणार, असे जखमी माणूस स्वतःच म्हणतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. 1923 चा नुकसानभरपाईचा कायदा, ज्याच्या तरतुदी 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या गेल्या, तो स्पष्ट सांगतो की ही रक्कम गहाण पडत नाही, जप्त होत नाही आणि तिच्यातून कोणतेही येणे वळते करून घेता येत नाही. उचलीचा हिशेब निराळा, तुटलेल्या हाताची किंमत निराळी. आणि उचलीपायी माणसाला कामावर डांबून ठेवणे हा तर 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हाच आहे.

‘आमचा करार मुकादमाशी, कारखान्याशी आमचा संबंध नाही’, हा दुसरा समज कारखान्यांच्या फार सोयीचा आहे. स्वतःच्या धंद्याचा नित्य भाग असलेले काम कंत्राटदारामार्फत करून घेणाऱ्या मूळ मालकावर कायदा भरपाईची जबाबदारी टाकतो, व ती रक्कम कंत्राटदाराकडून वसूल करण्याची मुभा त्याला देतो. अपघाताची जागा आमच्या ताब्यातील नव्हती, असा बचाव मात्र कायद्यातच आहे, आणि फड शेतकऱ्याचा असल्याने तो घेतला जाण्याचा संभव असतो. म्हणूनच तोडीचा कार्यक्रम कारखान्याच्या शेतकी खात्याने ठरविला होता हे दाखविणारी चिटबॉयची चिठ्ठी, वजनाची पावती आणि दवाखान्याचे कागद ही टोळीने जिवापाड जपण्याची चीज आहे.

मृत्यू ओढवला की चार प्रतिष्ठित इसम मध्ये पडतात, काही हजार रुपये घरच्यांच्या हातावर ठेवून कागदावर अंगठा घेतला जातो, आणि प्रकरण मिटले असे सर्वांना वाटते. ते मिटलेले नसते. हक्क सोडून देणारा करारनामा कायद्याच्या दृष्टीने शून्यवत आहे. मृत्यूची भरपाई नुकसानभरपाई आयुक्तांकडेच जमा झाली पाहिजे, आणि फार तर तीन महिन्यांच्या मजुरीइतकी आगाऊ रक्कम सोडता परस्पर दिलेला पैसा भरपाईत धरला जात नाही. रकमेचा अंदाजही पाहावा: 2020 साली केंद्राने ठरविलेल्या महिना 15,000 रुपयांच्या मर्यादेने मजुरी धरली, तर तिसाव्या वर्षी दगावलेल्या कामगाराच्या वारसांना निम्म्या मजुरीच्या 207.98 पट, म्हणजे 15,59,850 रुपये निघतात. हा आकडा ज्या घराला ठाऊक नाही, ते घर पन्नास हजारांवर सही करते, याचे मला मनस्वी दुःख होते.

चूक कामगाराचीच होती, हे म्हणणेही मृत्यूच्या वा कायमच्या पूर्ण अपंगत्वाच्या प्रकरणात टिकत नाही. किरकोळ इजेतसुद्धा साध्या दुर्लक्षाने हक्क जात नाही, नशेसारखे कारण मालकाला दाखवावे लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता गणला जातो, हा हिशेब मुकादमाच्या वहीतला; कायद्यापुढे ती दोघे दोन स्वतंत्र कामगार आहेत, आणि पडलेल्या बाईचा दावा तिच्याच नावाने दाखल होतो.

ज्यांच्या नावे गावाकडे कोरडवाहू का होईना जमीन आहे, त्यांना व त्यांच्या कुटुंबातील एका व्यक्तीला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचाही आधार आहे. सर्पदंशाने मृत्यू आल्यास तीत 2 लाख रुपये मिळतात.

राहिली परमुलखाची धास्ती. अपघात कर्नाटकात झाला म्हणून तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. कामगार वा त्याचे वारस जेथे नेहमी राहतात, तेथील आयुक्तांपुढे अर्ज करता येतो. अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते, म्हणजे हंगाम संपवून, गावी परतून, वकिलाचा सल्ला घेऊनही बीडमध्ये दावा रुजू करता येतो.