पालकातले लोह आणि आधाराचा पत्ता

पालकात भरपूर लोह असते हा समज एका चुकलेल्या दशांशचिन्हातून पसरला, ही गोष्ट अनेक शिक्षकांनी ऐकली असेल. कोणा जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या आकड्यात दशांशचिन्ह एक घर सरकले, लोहाचे प्रमाण दहापट झाले आणि व्यंगचित्रातला पॉपॉय त्यावर विसंबून पालक खाऊ लागला! नोंदी काळजीपूर्वक ठेवा, हे मुलांच्या मनावर ठसवायला ही गोष्ट फार सोयीची. आम्हीही ती वर्षानुवर्षे सांगत आलो. एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, "याला आधार काय?" आम्ही निरुत्तर झालो.

शोधू लागलो तेव्हा कळले, की हे काम इतरांनी आधीच केले आहे. १९८१ साली टी. जे. हॅम्ब्लिन या ब्रिटिश डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळ अंकात खोट्या समजुतींवर एक खुमासदार लेख लिहिला. त्यात ही गोष्ट आहे, पण तिचा आधार नाही. १९९५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात अपुऱ्या संदर्भांमुळे चुकीची माहिती कशी पसरते, याच विषयावर लेख आला. त्यातही हीच गोष्ट, आणि आधार हॅम्ब्लिन यांचा! २०१० साली माइक सटन या ब्रिटिश गुन्हेशास्त्रज्ञांनी मुळापर्यंत जाण्याचा प्रयत्न केला. दशांशचिन्हाच्या चुकीचा पुरावा त्यांना कोठेच सापडला नाही. उलट १९३२ सालच्या एका चित्रपट्टीत पॉपॉय पालकाचे श्रेय 'अ' जीवनसत्त्वाला देतो, लोहाला नव्हे. २०१४ साली नॉर्वेचे ओले ब्यॉर्न रेकडाल यांनी अशा विद्वत्तेच्या वेषातल्या दंतकथांवर लेख लिहून ही साखळी उलगडून दाखवली.

यात कोणी लबाडी केली नाही. आधारही दिला गेला होता. चूक एवढीच, की तो आधार पुढे कशावर उभा आहे, हे कोणी पाहिले नाही. निबंधात आधार देणे म्हणजे वाचकाला पत्ता देणे. त्या पत्त्यावर गेल्यावर दार उघडले पाहिजे.

मग विद्यार्थ्यांना काय सांगावे?

पहिले, आधार कशाला द्यायचा? समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, याला आधार लागत नाही. ते सर्वांना ठाऊक आहे. पण दुसऱ्याने केलेले मोजमाप, मांडलेले मत किंवा युक्तिवाद घेतला, की आधार हवाच. शब्द बदलले म्हणजे विचार आपला झाला, असे पुष्कळ मुलांना वाटते. तसे नाही. शब्दही जसेच्या तसे घेतले तर अवतरणचिन्हे आणि पृष्ठक्रमांकही द्यावा.

दुसरे, कोठे द्यायचा? ज्या विधानासाठी तो आहे, तेथेच. शेवटी पुस्तकांची यादी जोडली, तर कोणते वाक्य कोठून आले हे वाचकाला कसे कळावे? लेखक आणि वर्ष कंसात लिहिण्याची पद्धत सोपी आहे: (सटन, २०१०). लेखाचे नाव, नियतकालिक, खंड, पृष्ठे हा तपशील शेवटच्या यादीत.

तिसरे, कोणाचा द्यायचा? जे आपण स्वतः वाचले, त्याचाच. हॅम्ब्लिन यांचा लेख पाहिला नसेल आणि त्यांचे म्हणणे रेकडाल यांच्याकडून कळले असेल, तर तसेच लिहावे: (हॅम्ब्लिन, १९८१; रेकडाल, २०१४ मध्ये उद्धृत). यात कमीपणा नाही. न वाचलेल्या लेखाचे नाव घालणे मात्र खोटी साक्ष देण्यासारखे आहे.

चौथे, आकड्याबरोबर त्याची अटही उचलावी. १०० ग्रॅम ताज्या पालकात सुमारे २.७ मिलिग्रॅम लोह असते आणि जवळजवळ ९१ ग्रॅम पाणी. म्हणजे हे सारे लोह उरलेल्या ९ ग्रॅममध्ये. तोच पालक पूर्ण वाळवून १०० ग्रॅम घेतला, तर लोह भरेल सुमारे ३० मिलिग्रॅम. दशांशचिन्ह जागच्या जागी, तरी फरक दहापटींहून अधिक! आधारात 'ताजा' की 'वाळवलेला' हा एक शब्द गाळला, की झाला घोटाळा.

एक उपक्रम वर्गात करून पाहण्याजोगा आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्तमानपत्रातले किंवा इंटरनेटवरचे एक 'वैज्ञानिक' विधान निवडावे आणि त्याच्या आधाराकडे फक्त एक पायरी मागे जावे. तेथे काय सापडले, ते चार ओळींत लिहावे. काहीच सापडले नाही, तर तेही लिहावे. तोही निष्कर्षच आहे.

पालकाची गोष्ट आम्ही अजूनही सांगतो. फरक इतकाच, की आता ती दशांशचिन्हाची म्हणून नव्हे, तर आधाराची म्हणून सांगतो. आणि सुरुवात त्या मुलीच्या प्रश्नापासून करतो.