कालचं फूल

ऑडिटच्या आदल्या दिवशी आमच्या युनिटमध्ये लगीनघाई असते. जयपूरच्या सीतापुऱ्यात अशी कितीतरी एक्स्पोर्ट युनिटं आहेत, आणि सगळीकडचं चित्र साधारण सारखंच. प्रथमोपचाराची पेटी नव्यानं भरली जाते, आग विझवायच्या सिलिंडरांवरची धूळ पुसली जाते, मास्टरजी आरडाओरडा करत शिवणयंत्रांमधली वाट मोकळी करून घेतात. मी कम्प्लायन्स बघते, म्हणजे कारागिरांच्या वयाचे दाखले माझ्या कपाटात. शिलाई हॉलमध्ये ऑडिटरला आजवर एकही लहान मूल सापडलेलं नाही. ते तिथे नसतंच. गोंडे ओवणं, लोंबते धागे कापणं ही कामं ठेकेदारामार्फत घरोघरी जातात. ती कुणाच्या बोटांनी झाली, हे माझ्या रजिस्टरात येत नाही. बालमजुरीच्या कायद्यालाही तिथे पळवाट आहे. 2016 च्या दुरुस्तीनं चौदाच्या आतल्या मुलांच्या सगळ्याच कामांवर बंदी आली, पण शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हात लावायची मुभा राहिली.

पण किस्सा घरोघरच्या कामाचा नाही, फुलाचा आहे.

एका परदेशी बायरला कॅटलॉग हवा होता, ‘शेतापासून कुडत्यापर्यंत’ अशा थाटाचा. बगरूच्या छिपांनी ठप्प्यांनी छापलेले कुडते, मागे सुंभाची खाट, शेजारी कुंडीत कपाशीची चार झाडं. फोटोग्राफरनं त्यातलं एक गुलाबी फूल पसंत केलं, कुडत्याच्या रंगाला साजेसं. इस्त्री करणारा मुलगा, असेल बावीसेक वर्षांचा, कुडता टांगता टांगता थांबला. “मॅडमजी, ये फूल तो कल का है.”

कपाशीचं फूल उमलतं त्या दिवशी दुधी असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं. मी यवतमाळकडची, हे मला ठाऊक होतं. याला कसं ठाऊक? त्यानं उत्तराऐवजी दुसऱ्या दिवशी उमलणारी एक कळी धरली. अंगठ्याचं नख बुडाशी गोल फिरवलं आणि हलकेच ओढलं. पाकळ्या आणि आतले पुंकेसर टोपीसारखे निघून आले. मधली नाजूक दांडी जशीच्या तशी, ओरखडासुद्धा नाही. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. फोटोग्राफर झाड वाया गेल्याबद्दल कुरकुरला.

“कुठे शिकलास?”

“बीटी में.” तो दक्षिण राजस्थानातल्या डुंगरपूरकडच्या एका पाड्यावरचा. चौथीत असताना पहिल्यांदा गेला होता.

त्याच्या तोंडी बीटी म्हणजे उत्तर गुजरातेतले सरकीचे बीजप्लॉट, साबरकांठा-बनासकांठ्यातले. सुरतेला सी. टी. पटेलांनी 1970 मध्ये एच-4 हे कपाशीचं संकरित वाण दिलं, व्यापारी लागवडीचं जगातलं पहिलं. 2002 मध्ये जनुकबदल केलेलं बीटी आलं तेही आपल्याकडे संकरित वाणांतूनच. आज देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटी संकरित आहे. संकरित बियाणं घरी राखून चालत नाही, दरवर्षी नव्यानं तयार करावं लागतं, आणि तेही हातानं. दुपारनंतर मादी झाडाच्या कळ्या अशा सोलायच्या, खूण म्हणून दोरा किंवा कागद लावायचा, सकाळी नराचं फूल आणून त्यावर घासायचं. एक-एक कळी. पावसाळ्यातले दोन-अडीच महिने, एकही दिवस खाडा न करता. लहान बोटांना हे काम चांगलं जमतं, असं सांगतात. मला हे पटत नाही. मोठ्यांची बोटंही तितकीच चालतात, मजुरी तेवढी जास्त द्यावी लागते.

मुलं नेणाऱ्याला तिकडे मेट म्हणतात. उन्हाळ्यातच आईबापांच्या हातावर उचल ठेवायची आणि हंगामाला जीप भरायची, तीही रात्रीची. 2007 च्या आसपास दक्षिणी राजस्थान मजदूर यूनियनचे कार्यकर्ते गुजरातच्या हद्दीवर उभे राहून या जिपा अडवायला लागले, तेव्हा कुठे गोष्ट वर्तमानपत्रांत आली.

त्या रात्री मला आमच्या घरची बियाण्याची पिशवी आठवली. बाबा ती देव्हाऱ्यापाशी ठेवायचे. आणि दिवाळीनंतरची माझी वेचणी. पोटाशी फडक्याची ओटी बांधलेली, सुकलेल्या बोंडाची टोकं नखांत शिरलेली. शाळेचं नाव काढलं की आई म्हणायची, “एक दिस शाळा बुडली त काय होते?” एक दिवस म्हणता म्हणता वेचा संपायचा. याला बालमजुरी म्हणतात हे मला जयपुरात, कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये, स्लाइडवर कळलं.

कुडत्याच्या लेबलवर गॉट्सची, म्हणजे सेंद्रिय कापडाच्या प्रमाणपत्राची, खूण असते. ती खोटी असते असं नाही. (बनावट दाखलेही निघतात. 2020 मध्ये गॉट्सनंच भारतातल्या 20,000 टन कापसाचा असा घोळ उघड केला.) पण या खुणेची साखळी जिनिंगपासून सुरू होते. त्याआधी शेत सेंद्रिय आहे का, हे वेगळे लोक बघतात. बियाण्याच्या प्लॉटपर्यंत तर माझ्या हातातला एकही फॉर्म जात नाही. जिनमध्ये पन्नास शेतांचा कापूस एका ढिगात पडतो, त्याची 170 किलोची गाठ बांधली की कुणाचा कोणता हे देवही सांगू शकणार नाही.

पुण्याच्या प्रदर्शनात मैत्रिणी विचारतात, मग घ्यायचं तरी काय? मी कच्छच्या काला कॉटनचं नाव सांगते. देशी, सरळ वाण. बी शेतकरी घरचंच ठेवतो, कळ्या सोलायची गरजच नाही. धागा आखूड म्हणून कापड जाडसर येतं. हे सांगितलं की त्या कापड चिमटीत धरून बघतात आणि शेजारच्या मलमलीकडे वळतात. वेचणीत पोरं नसतील याची हमी मी त्यातही देत नाही.

कॅटलॉग छापून आला, गुलाबी फुलासकट. इस्त्रीवाल्यानं ते पान पाहिलं, “बासी छाप दिया,” म्हणाला आणि पुढच्या गठ्ठ्याला लागला. मी मात्र बायरला मेल टाकला, की कापसाच्या तपशिलात बियाण्याचाही एक रकाना घालू या, सुरुवात मी करते. आठवड्यानं उत्तर आलं, फार नम्र. कल्पना आवडली, पुढच्या सीझनला जरूर घेऊ.

पुढच्या सीझनची ऑर्डर रेयॉनची आली.