फुरसुंगीचा फेणे, तर सिंदीचं कोण?

नाव बनेश, गाव फुरसुंगी, बुडाखाली सायकल आणि तोंडात ‘टॉक्’! भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे एवढ्या खुणांवर पिढ्यान्‌पिढ्या पळतोय. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे तर आधी आकाशवाणीवर बोलला, पुस्तकात मागाहून आला. मुलं आधी आवाज ओळखतात, चेहरा नंतर रंगवतात.

पण ही सगळी पुण्या-मुंबईकडची पोरं. वर्धा जिल्ह्यात गोष्टींचं एवढं भांडवल पडलंय, तिथलं पोट्टं नायक कधी होणार?

सिंदी (रेल्वे) घ्या. तिथला तान्हा पोळा दूरवर गाजलेला. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजवून पोरं निघतात, दारोदार बोजारा म्हणून पैसे गोळा करतात. समजा, एका पोरीच्या नंदीचं मागचं चाक करकरतं. गल्लीतले मोठाले नंदी पुढे गेलेत, ही मागे पडलीये आणि बोजाऱ्याच्या पैशांचं तिनं काहीतरी गुपित ठरवलंय. झालं, पात्र उभं राहिलं! तिचे डोळे कसे, केस किती लांब, हे कुणीही विचारणार नाही. गुपित काय, हे मात्र प्रत्येक जण विचारेल. आणि तिला ‘मले’, ‘कावून’ असंच बोलू द्या. पुस्तकी मराठी शिकवून तिचा जीव घेऊ नका.

जादू हवी? समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर चला. शेख फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सगळा माल दगड झाला, अशी आख्यायिका. टेकडीवर विखुरलेले खनिजांचे गोळे म्हणजे त्यांचे नारळ! मुलं लगेच अडवतील: नारळ दगड झाले, मग व्यापाऱ्यांचे बैल का नाही झाले? याचं पक्कं उत्तर लेखकाकडे हवंच. मनाला येईल तशी वागणारी जादू मुलांना फसवणूक वाटते, आणि त्यांचं बरोबर आहे.

नकाशा आधी काढा. स्टीव्हन्सननं 1881 मध्ये सावत्र मुलासोबत खेळता खेळता एका बेटाचा नकाशा रंगवला, त्यातून ‘ट्रेझर आयलंड’ निघालं. आपल्याकडे पवनारची धाम नदी आहे, 2014 पासून व्याघ्र प्रकल्प झालेलं बोरचं जंगल आहे. पोरीला एका दिवसात पायी कुठवर जाता येईल, हे नकाशाच सांगेल.

सेवाग्राम तर आयतंच रहस्य. गांधीजी 1936 मध्ये राहायला आले तेव्हा गावाचं नाव सेगाव. शेगावशी गल्लत होऊन टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून 1940 मध्ये नाव बदललं. आश्रमात साप पकडून दूर सोडण्यासाठीचा चिमटा आणि पिंजराही जपलाय. आता एक पत्र चुकून शेगावला पाठवा, पिंजऱ्याचं दार उघडं ठेवा आणि करकरत्या चाकाच्या त्या पोरीला कामाला लावा!